आशियाच्या डिझेलला नियम हवा, फतवे नकोत

एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत इंडियन ऑइलला कच्च्या तेलाच्या दर बॅरलमागे ३१.८१ डॉलर ढोबळ शुद्धीकरण नफा झाला. एरवी बॅरलमागे सहा-आठ डॉलर सुटले तरी रिफायनरीत समाधान असते. तरीही त्याच तिमाहीअखेर कंपनीने १,९९३ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा जाहीर केला. भारत पेट्रोलियमचा तोटा सहा हजार कोटींवर गेला, हिंदुस्थान पेट्रोलियमचा दहा हजार कोटींवर. एकाच कंपनीच्या कारखान्यात विक्रमी कमाई आणि तिच्याच पंपावर विक्रमी खड्डा, हे एकाच वेळी घडले. पंपावरचे भाव एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून कंपन्यांनी वाढवले नव्हते आणि सिंगापूरच्या बाजारात डिझेल मात्र कच्च्या तेलाला मागे टाकून कुठल्या कुठे पोहोचले होते.

आपल्याकडे तेलाची बातमी म्हणजे ब्रेंटचा, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाचा, भाव. तो ८० डॉलरवर आला की दिलासा, १०० वर गेला की चिंता. पण ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये, मासेमारीच्या बोटीत कच्चे तेल कोणी भरत नाही. तिथे लागते ते डिझेल, आणि डिझेलचा बाजार वेगळा आहे. त्याचे पुरवठादार वेगळे, त्याची टंचाई वेगळी, त्याचे राजकारणही वेगळे. गेल्या काही वर्षांत आशियातल्या शुद्ध इंधनांचे भाव कच्च्या तेलाइतकेच दोन-तीन राजधान्यांतून अचानक निघणाऱ्या निर्यातविषयक आदेशांवर हलू लागले आहेत. असा आदेश कधी निघेल, किती दिवस टिकेल, कशाच्या आधारावर मागे घेतला जाईल, याचा जाहीर नियम कुठेच नाही. त्याचा सगळ्यात मोठा भुर्दंड ज्यांच्याकडे रिफायनरी नाही किंवा नावापुरती आहे त्या देशांवर पडतो. भारत हा आशियातला मोठा इंधन निर्यातदार आहे. या बाबतीतला नियम त्याने आधी स्वतःला लावून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

डिझेल आणि कच्चे तेल यांच्या भावातल्या फरकाला व्यापारात ‘क्रॅक’ म्हणतात. आशियात तो काढताना सिंगापूरच्या डिझेलच्या बॅरलच्या भावातून दुबईच्या कच्च्या तेलाच्या बॅरलचा भाव वजा करतात. बरी वर्षे असतात तेव्हा हा फरक दहा ते वीस डॉलरच्या पट्ट्यात फिरतो. जून २०२२ मध्ये तो साठ डॉलरच्या वर गेला. हा आकडा पंपावर कसा उतरतो ते पाहू. बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर असतात आणि त्या महिन्यात डॉलर ७८ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे बॅरलमागे एक डॉलर वाढला की लिटरमागे ४९ पैसे वाढतात. क्रॅक वीसवरून साठवर गेला तर, कच्चे तेल एका पैशानेही न वाढता, लिटरमागे जवळपास वीस रुपयांचा फरक पडतो. ब्रेंटकडे बघत बसणाऱ्याला हे वीस रुपये कुठून आले ते कळतच नाही.

हा भाव जिथे ठरतो त्या सिंगापूरच्या जमिनीत कच्च्या तेलाचा एक थेंब नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेली जागा, जुराँग बेटावरचे आणि पुलाव बुकोमवरचे कारखाने, टाक्यांच्या रांगा आणि तिथे ठाण मांडून बसलेले व्यापारी यांच्या जोरावर ते आशियाचे इंधनाचे बाजारपेठ-शहर झाले. कामाच्या दिवशी दुपारी चार ते साडेचार हा तिथला कळीचा वेळ. खरेदीदार आणि विक्रेते नावानिशी बोली लावतात. माल किती, गंधक किती, कोणत्या तारखांना भरायचा, सगळे उघड असते. साडेचारच्या ठोक्याला माल ज्या भावाने घेता-देता आला असता तो त्या दिवसाचा भाव म्हणून प्लॅट्स ही संस्था प्रसिद्ध करते. व्यापारी त्याला ‘मॉप्स’ म्हणतात. कोलंबोची निविदा असो, ढाक्याची असो की मनिलाची, करारात सहसा रुपया-पैशात भाव लिहिलेला नसतो. जहाज भरण्याच्या तारखेच्या आगेमागे काही दिवसांची मॉप्सची सरासरी आणि तिच्यावर ठरलेला प्रीमियम, एवढेच लिहिलेले असते. त्या अर्ध्या तासात कधी मालाच्या चार-पाच खेपांचे सौदे होतात, कधी एकही होत नाही आणि नुसत्या बोलींवरून भाव ठरतो. अशा पातळ व्यवहारावर एवढ्या मोठ्या खंडाचे भाव का टांगायचे, असा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण मला मुख्य दुखणे तिथे दिसत नाही. सिंगापूरची पद्धत निदान रोज, सगळ्यांसमोर, ठरल्या वेळी चालते. त्या अर्ध्या तासात विकायला माल किती येणार, हे जिथून ठरते तिथे मात्र पडदा असतो.

सगळ्यात जाड पडदा बीजिंगचा आहे. चीनची शुद्धीकरण क्षमता वर्षाला ९० कोटी टनांच्या पुढे गेलेली आहे, आणि अमेरिकेलाही त्याने मागे टाकले आहे. इतकी क्षमता असलेला देश उरलेला माल बाहेर विकणार हे ओघाने आले. पण तिथल्या कंपनीला स्वतःच्या मर्जीने डिझेलचे जहाज बाहेर पाठवता येत नाही. त्यासाठी सरकारचा कोटा लागतो. तो वर्षातून काही हप्त्यांमध्ये सुटतो आणि सायनोपेक, पेट्रोचायना, सीएनओओसी अशा मोजक्या, बहुतांश सरकारी कंपन्यांच्या वाट्याला येतो. पुढचा हप्ता केव्हा आणि केवढा, हे आधी जाहीर होत नाही. व्यापाऱ्यांना ते कुजबुजीतून कळते आणि ती कुजबुज कानी पडली की सिंगापूरचा क्रॅक दोन-चार डॉलरने हलतो.

२०२२ च्या सुरुवातीला बीजिंगने सोडलेला पहिला हप्ता साधारण १.३ कोटी टनांचा होता. आदल्या वर्षीच्या पहिल्या हप्त्याच्या तो निम्म्याहूनही कमी होता. त्यामागची कारणे चीनच्या दृष्टीने रास्त होती. आयात केलेले कच्चे तेल जाळून, धूर स्वतःच्या माथी घेऊन, दुसऱ्यांसाठी इंधन का बनवायचे, असा विचार तिथे काही वर्षे मूळ धरत होता. मग फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाले. रशियाच्या डिझेलवर चालणारा युरोप पर्याय शोधत बाहेर पडला. त्याच वसंतात शांघाय टाळेबंदीत होते. चीनमधली मागणी आटली होती, तिथल्या रिफायनऱ्या मंदावलेल्या होत्या आणि बाहेरच्या जगाला डिझेल मिळत नव्हते. क्षमता होती, गिऱ्हाईक होते, साठ डॉलरचा फायदा समोर दिसत होता, फक्त कोटा नव्हता. सप्टेंबरच्या अखेरीस बीजिंगने मन बदलले आणि पेट्रोल, डिझेल व विमान इंधन मिळून सुमारे १.३ कोटी टनांचा नवा हप्ता एका झटक्यात सोडला. तोवर आशियातल्या गरीब देशांचा उन्हाळा आणि पावसाळा जाऊन चुकला होता. पुढे १ डिसेंबर २०२४ पासून चीनने शुद्ध इंधनांच्या निर्यातीवरचा कर-परतावा १३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणला. घोषणा आणि अंमलबजावणी यांत अंतर होते जेमतेम दोन आठवड्यांचे.

चीनवर बोट ठेवणे सोपे आहे, पण आपले काय? १ जुलै २०२२ च्या शुक्रवारी सकाळी भारत सरकारने पेट्रोल आणि विमान इंधनाच्या निर्यातीवर लिटरमागे सहा रुपये आणि डिझेलच्या निर्यातीवर तब्बल तेरा रुपये कर बसवला. शिवाय निर्यातदारांनी बाहेर पाठवलेल्या पेट्रोलच्या निम्मे आणि डिझेलच्या तीस टक्के इतका माल देशात विकावा, असे बंधन घातले. कर त्याच दिवसापासून लागू झाला. अवघ्या वीस दिवसांत पेट्रोलवरचा कर शून्यावर आला आणि डिझेलवरचा अकरा रुपयांवर. त्यानंतर जवळपास अडीच वर्षे दर पंधरवड्याला या आकड्याचा फेरविचार होत राहिला. २ डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द झाला. या सगळ्या काळात कोणत्या क्रॅकला किती कर, हे सूत्र सरकारने कधीच छापले नाही. व्यापारी आदल्या पंधरवड्याच्या भावांवरून अदमास बांधत आणि तो कधी बरोबर येई, कधी चुके.

हा कर का बसवावा लागला, हे तपासले की गोष्ट आणखी उलगडते. कागदोपत्री भारतात पेट्रोलचे भाव जून २०१० पासून आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पासून मुक्त आहेत. जून २०१७ पासून ते रोज बदलायला हवेत. प्रत्यक्षात निवडणुका आल्या किंवा महागाई वाढली की सरकारी कंपन्यांचे भाव गोठतात, कोणताही लेखी आदेश न निघता. २०२२ च्या उन्हाळ्यात असे गोठलेले भाव परवडेनात म्हणून खासगी पंपांनी विक्री आखडली आणि त्यांच्या मालकांच्या रिफायनऱ्यांनी माल बाहेर धाडला. गिऱ्हाईक सरकारी पंपांवर लोटले, जूनमध्ये अनेक राज्यांत पंप कोरडे पडले. मग खासगी पंपांना विक्री सक्तीची करणारे बंधन आले, आणि पाठोपाठ निर्यात कर. न लिहिलेल्या फतव्याने प्रश्न उभा केला आणि लिहिलेल्या फतव्याने त्यावर ठिगळ लावले. पुढच्या आर्थिक वर्षात, २०२३-२४ मध्ये, कच्चे तेल उतरले तरी पंपावरचा भाव मार्च २०२४ च्या दोन रुपयांच्या कपातीखेरीज उतरला नाही, आणि तिन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून सुमारे ८१ हजार कोटी रुपये नफा कमावला. आधीचा तोटा भरून काढायचा होता, हे मान्य. पण तो किती होता, किती भरला आणि कधी भरून संपला, हे ग्राहकाला कोणी सांगितले नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रीत नवी वाटू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागले. ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी आली. लासलगावात लिलाव बंद पडले आणि बंदी उठायला मे २०२४ उजाडला. बंदरात कंटेनर अडकले, बांगलादेश आणि श्रीलंकेतले जुने खरेदीदार दुसरीकडे वळले. कांदा उत्पादकाची तक्रार तेव्हा नुसती भाव पडल्याची नव्हती. आज पेरले तर काढणीच्या वेळी दार उघडे असेल की बंद, हे कोणी सांगू शकत नाही, हे त्याचे खरे दुखणे होते. डिझेलच्या बाबतीत हे दुखणे निर्यातदाराइतकेच खरेदीदारालाही होते, आणि खरेदीदार म्हणजे एखाद्या देशाचे सरकार असते.

श्रीलंकेत २७ जून २०२२ च्या रात्री सरकारने जाहीर केले की १० जुलैपर्यंत इंधन फक्त अत्यावश्यक सेवांनाच मिळेल. त्या देशाचे संकट मुळात परकीय चलनाचे होते, करकपातीचे होते, रात्रीत लादलेल्या रासायनिक खतबंदीचे होते. ते डिझेलच्या भावाने ओढवले, असे म्हणणे खोटे ठरेल. पण ज्या आठवड्यांत तिजोरीत जहाजापुरतेही डॉलर नव्हते, नेमक्या त्याच आठवड्यांत जहाज सर्वाधिक महाग होते. चाळीस हजार टनांचे डिझेलचे जहाज धरा. एका टनात साधारण ७.४५ बॅरल, म्हणजे सुमारे तीन लाख बॅरल. क्रॅक चाळीस डॉलरने चढला की कच्च्या तेलाचा भाव तोच असूनही त्या एका जहाजामागे जवळपास १ कोटी २० लाख डॉलर जास्त लागतात. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये इंधनासाठी श्रीलंकेला ५० कोटी डॉलरची कर्जमर्यादा दिली होती. तिच्यात किती जहाजे बसली असती आणि प्रत्यक्षात किती बसली, यातला फरक या क्रॅकने खाल्ला. सपुगस्कंदची १९६९ पासूनची रिफायनरी दिवसाला ५० हजार बॅरलची. कच्चे तेल विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून तीही मध्येमध्ये बंद ठेवावी लागत होती. पंपांसमोरच्या रांगांमध्ये माणसे मेली.

बांगलादेशाची अवस्था इतकी टोकाची नव्हती, तरी ६ ऑगस्ट २०२२ पासून तिथे डिझेल ८० टाकांवरून थेट ११४ टाकांवर गेले. भातशेतीचे बरेचसे पंप तिथे डिझेलवर चालतात. एका रात्रीत ४२.५ टक्के वाढ झाली की शेतकऱ्याकडे दुसरा मार्ग राहत नाही, तो पाण्याची एक पाळी कमी करतो.

यावर एक हिशेबी प्रतिवाद ऐकू येतो. भारताचे निर्यात होणारे डिझेल मोठ्या प्रमाणावर श्रीमंत युरोपला जाते, मग शेजाऱ्यांच्या नावाने गळा काढण्यात काय अर्थ? युरोपने ५ फेब्रुवारी २०२३ पासून रशियाच्या शुद्ध इंधनांवर बंदी घातली आणि जामनगर, वाडीनारचा माल पश्चिमेकडे अधिक वाहू लागला, हे खरेच आहे. पण जहाजाच्या मालाला भावाखेरीज दुसरी निष्ठा नसते. भारतातून युरोपला जाणारी दोन जहाजे थांबली तर युरोप तीच दोन जहाजे कुवेत, सौदी किंवा कोरियाकडून जास्त बोली लावून उचलतो, आणि जी कोलंबोला किंवा कराचीला यायची ती तिकडे वळतात. टंचाईत शेवटचे पिंप ज्याच्याकडे पैसा त्याला मिळते. म्हणून दार कोणाच्या तोंडावर बंद केले याला फारसा अर्थ उरत नाही. रांगेत शेवटी जो उभा असतो तोच रिकाम्या हाताने परततो.

पुढची दिशा पाहिली तर ही रांग वाढणार आहे. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये क्विनाना आणि अल्टोना या दोन रिफायनऱ्या बंद झाल्या. उरलेल्या दोन, जिलाँग आणि लिटन, सरकारी मदतीच्या टेकूवर चालू आहेत. न्यूझीलंडने मार्सडेन पॉइंट ही आपली एकमेव रिफायनरी २०२२ मध्ये बंद करून तिथे आयातीच्या टाक्या ठेवल्या. फिलिपिन्समध्ये २०२० नंतर एकच उरली. जपान लोकसंख्येबरोबर आपले कारखाने आटोपते घेत आहे. वाकायामाचा कारखाना २०२३ मध्ये थांबला. दुसऱ्या टोकाला कुवेतचा अल-झूर दिवसाला ६ लाख १५ हजार बॅरलचा, ओमानचा दुक्म २ लाख ३० हजारांचा, असे आखाती महाकाय सुरू झाले आहेत. बंद झालेली रिफायनरी पुन्हा उभी राहत नाही. तिची जमीन, तिचे कामगार, तिची परवानगी सगळे विखुरते. म्हणजे आशियाचे इंधन अधिकाधिक मोजक्या हातांत जात आहे: चीन, कोरिया, भारत आणि आखात. त्यातल्या एकाने जरी झटक्याने दार लावले तरी धक्का पूर्वीपेक्षा मोठा बसेल.

यात चीनची मागणी हा वेगळा प्रवाह आहे. तिथे जुलै २०२४ मध्ये नव्याने विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांत पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त गाड्या विजेवर किंवा वीज-पेट्रोल अशा जोडीवर चालणाऱ्या होत्या. घरबांधणी मंदावल्याने आणि अवजड ट्रक द्रवरूप नैसर्गिक वायूवर वळल्याने डिझेलचा खपही उतरू लागला. देशात न खपणारे इंधन बाहेर आले तर शेजाऱ्यांचे भले होईल, आणि बीजिंगने ते रोखून कारखानेच बंद केले तर नाही. दोन्ही शक्य आहे. श्रीलंकेच्या ऊर्जामंत्र्याने यातल्या कशावर पुढच्या वर्षाची आयात आखायची? कोकणातल्या बारसूच्या रिफायनरीवर आपल्याकडे एवढा संघर्ष झाला. जमीन, आंबा, मासळी आणि रोजगार यांवर दोन्ही बाजूंनी पोटतिडकीने बोलले गेले. पण तिथे बनणारे पेट्रोल-डिझेल वीस वर्षांनी कोण, कोणत्या अटींवर घेणार, हा प्रश्न त्या वादात जवळजवळ आलाच नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

आपल्या नागरिकांना आधी इंधन मिळावे, हे पाहणे सरकारचे कर्तव्यच आहे. त्याबद्दल वाद नाही. निर्यातीवर कधीच बंधन नको, असेही मी म्हणत नाही. युद्ध पेटले, बंदरे बंद झाली, तर कोणताही देश आधी घरचे पाहील आणि पाहावे. पण घरचे पाहण्यासाठी अचानकपणा लागत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांच्या इंधनातले गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणायचे ठरवले ते ऑक्टोबर २०१६ मध्ये, आणि लागू केले १ जानेवारी २०२० पासून. मधल्या तीन वर्षांत रिफायनऱ्यांनी यंत्रे बदलली, जहाजमालकांनी धूर धुणारी उपकरणे बसवली, सिंगापूरने टाक्या मोकळ्या केल्या. अनर्थाची भाकिते पुष्कळ झाली होती, पण बाजाराने तो बदल पचवला. युरोपने रशियन कच्च्या तेलापासून बनवलेले इंधन नाकारण्याचे ठरवले ते जुलै २०२५ मध्ये, आणि अंमल ठेवला २१ जानेवारी २०२६ पासून. त्या निर्णयाने भारताचे नुकसान होते आणि त्याच्या न्याय्यतेवर भांडायला जागा आहे. तरी सहा महिने हातात होते, जहाजे वळवायला, करार बदलायला, कच्च्या तेलाचा स्रोत निवडायला.

मग भारताने काय करावे? निर्यात कर ठेवायचाच असेल तर त्याचे सूत्र राजपत्रात छापावे. सिंगापूरच्या डिझेलचा क्रॅक सलग इतके दिवस इतक्या डॉलरच्या वर राहिला तर लिटरमागे इतका कर, खाली आला तर आपोआप शून्य. आकडे कोणते असावेत यावर तज्ज्ञ भांडोत, पण ते आधी लिहिलेले असावेत. नवा कर किंवा नवे बंधन जाहीर झाल्यापासून तीस दिवसांनी लागू व्हावे आणि त्यापूर्वी झालेल्या करारांच्या मालाला लागू नसावे. यात सट्टेबाज तीस दिवसांत माल पळवतील, अशी भीती अर्थ मंत्रालयातून व्यक्त होईल. पण सूत्रच आधी छापलेले असेल तर पळवायचे काय? कराची वेळ सगळ्यांना ठाऊकच असेल. पळापळ होते ती बातमी फुटते तेव्हा, आणि बातमी फुटते कारण ती गुप्त ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट साठ्याची. सिंगापूर दर आठवड्याला आपल्या टाक्यांतला हलक्या, मध्यम आणि जड इंधनांचा साठा जाहीर करते. फुजैरा करते, जपान करतो. भारतात विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूरला जमिनीखाली ५३ लाख टनांहून जास्त साठवण क्षमता आहे. ती सगळी कच्च्या तेलासाठी आहे. देशातल्या टाक्यांमध्ये आज डिझेल किती दिवसांचे आहे, हे आठवड्याला कळेल असा आकडा मात्र निघत नाही. वर्षाला सुमारे २६ कोटी टनांची शुद्धीकरण क्षमता आणि सहा कोटी टनांहून जास्त इंधन निर्यात असलेल्या देशाने हा आकडा द्यायला कचरू नये. तो कळला तर २०२२ च्या जूनसारखी अफवांवर उठलेली झुंबडही निम्मी होईल.

तिसरे, पंपावरचा भाव. दिल्लीच्या पंपासाठी त्याची फोड प्रसिद्ध होते. तीत वाहतूक, उत्पादन शुल्क, व्हॅट आणि डीलरचे कमिशन वेगवेगळे दिसते. उरलेली मूळ किंमत मात्र एकाच ओळीत असते. त्या ओळीच्या जागी सिंगापूरचा भाव किती आणि कंपनीचा नफा किंवा तोटा किती, अशा दोन ओळी कराव्यात. गरिबासाठी, शेतकऱ्यासाठी भाव रोखायचा असेल तर सरकारने तो खुशाल रोखावा, पण ती रक्कम अर्थसंकल्पात लिहून. मलेशियाने जून २०२४ मध्ये डिझेलवरचे सरसकट अनुदान काढले तेव्हा भाव लिटरला २.१५ वरून ३.३५ रिंगिटवर गेला आणि मदत पात्र लोकांना थेट दिली. लोक चिडले, पण कोणाला काय मिळते आणि कोण काय भरते, हे निदान सगळ्यांना दिसले.

राहिले शेजारी. नेपाळमध्ये एकही रिफायनरी नाही. तिथले इंधन इंडियन ऑइल पुरवते आणि मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची वाहिनी सप्टेंबर २०१९ पासून ते वाहून नेते. सिलिगुडीहून पार्वतीपूरला बांगलादेशात जाणारी डिझेलवाहिनी मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. हे दोन्ही नळ सरकारांनी सरकारांशी बोलून टाकलेले आहेत आणि त्यांतला माल भारताच्या एकूण खपापुढे किरकोळ आहे. श्रीलंका आणि मालदीवच्या सरकारी निविदाही त्याच मापाच्या. यापुढे निर्यातीवर कर बसो की बंधन येवो, या चार देशांच्या करारांना ते लागू होणार नाही, असे एक कलम परराष्ट्र व्यापार धोरणात घालायला संसदेत कायदा करावा लागत नाही, वाणिज्य मंत्रालयाची एक अधिसूचना पुरते. भारत ते कलम लिहील तेव्हाच बीजिंगला आपल्या कोट्याचे वर्षभराचे वेळापत्रक जाहीर करा म्हणून सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे येईल.